पत्रकाराला गप्प कसं करायचं? राजदूत करून!

इअरफोन लावलेत ना? चला, आज तुर्कस्तानात जाऊया. साल १९३४.

एक माणूस आहे. पत्रकार, कादंबरीकार, शिवाय खासदार. एक मासिक चालवतो. त्याला हुकूम येतो: अल्बेनियाला जा, तिरानामध्ये आपला राजदूत म्हणून. ऐकून वाटेल, वा, काय प्रमोशन! पण मासिकाचा परवाना याच्याच नावावर होता. हा गेला की मासिक बंद. आणि झालंही तसंच.

याचं नाव याकुप काद्री काराओस्मानोलू. आडनाव लांबलचक आहे, मी आपलं याकुप काद्रीच म्हणणार. जन्म १८८९ चा, कैरोतला. पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूल परक्या फौजांच्या ताब्यात होतं, तेव्हा त्याच शहरात बसून हा 'इकदाम' वर्तमानपत्रात मुस्तफा केमालच्या लढ्याच्या बाजूने लिहायचा. १९२१ मध्ये अंकाराला गेला. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या समितीबरोबर फिरला, उद्ध्वस्त गावं डोळ्यांनी पाहिली.

त्यातून १९३२ मध्ये कादंबरी आली, 'याबान'. युद्धात हात गमावलेला एक शहरी अधिकारी आपल्या शिपायाच्या गावी राहायला जातो. गावाच्या लेखी तो 'याबान', म्हणजे आपल्याकडच्या शब्दात उपरा. ज्या देशासाठी हात दिला, त्या देशाला याची ओळखच नाही! आणि याकुप काद्री नुसता गावाला दोष देऊन सुटत नाही. शिकलेल्यांनाच विचारतो, की तुम्ही या माणसांसाठी केलंत काय?

त्याच वर्षी त्याने मित्रांबरोबर ते मासिक काढलं, 'काद्रो'. म्हणणं असं, की उद्योग सरकारने उभे करावेत आणि क्रांती म्हणजे नेमकं काय हे नीट मांडावं. आता गंमत बघा, ही मंडळी विरोधक नव्हतीच. केमालची परवानगी होती, पंतप्रधान इस्मेत इनोनू यांनी स्वतः त्यात लेख लिहिला होता. उगाच हीरो करायला नको, याकुप काद्री एकपक्षीय संसदेतलाच खासदार होता. पण क्रांतीचा अर्थ सांगायचा मक्ता आपलाच, असं पक्षातल्या बड्या लोकांना वाटत होतं. इश बँकेभोवतीच्या खासगी उद्योगवाल्यांनाही हे मासिक खुपत होतं.

मग अटक नाही, छापखान्याला सील नाही. फक्त परदेशी नेमणूक. चहाटळ भाषेत, पनिशमेंट पोस्टिंग!

तिरानानंतर प्राग. मार्च १९३९ मध्ये तिथे जर्मन फौजा शिरल्या. मग हेग, आणि मे १९४० मध्ये तिथेही जर्मन! पुढे बर्न, तेहरान, परत बर्न. १९३४ ते १९५४, तब्बल वीस वर्षं. बातमीदाराला याहून मोठी बातमी कुठे मिळणार? पण हातात वर्तमानपत्र नव्हतं, सरकारला पाठवायचे खलिते होते.

निवृत्तीनंतर, १९५५ मध्ये, त्याने या वर्षांच्या आठवणी छापल्या. नाव दिलं 'झोराकी दिप्लोमात'. यातला 'झोर' म्हणजे आपला जोर बरं का, फारसीतून दोघांकडे आलेला. बळजबरीने केलेला राजदूत!

१९६१ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तो मनिसामधून पुन्हा खासदार झाला. १९७४ मध्ये अंकाऱ्यात वारला.