इंग्रजीचा पाठ : अनुभवांची देवघेव



बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन प्रदेश मानण्याची रीत जुनी आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, कपाशीची जमीन; घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडील चढउतारांचा मुलूख. जमीन बदलते, पीकपाणी बदलते, बोलण्याची ढबही थोडी बदलते. पण जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत खेड्यातील पालकांच्या मनातील एक चिंता मात्र सारखीच आढळते. आपल्या मुलाला इंग्रजी येईल का, ही ती चिंता होय.

ही चिंता वरवरची नाही. दहावीच्या परीक्षेत ग्रामीण विद्यार्थी ज्या विषयांत अडखळतो, त्यांत गणिताच्या जोडीला इंग्रजी असते. पुढे तंत्रनिकेतन असो, परिचर्येचा अभ्यासक्रम असो की कृषी महाविद्यालय, पुस्तके प्रामुख्याने इंग्रजीत. म्हणून ऐपत असलेला पालक आपले मूल गाडीत बसवून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवतो. ज्याची ऐपत नाही, त्याचे मूल गावातच राहते. पुष्कळदा एकाच घरातील मुलगा बाहेर जातो आणि मुलगी गावच्या शाळेत राहते. अशा वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेतील इंग्रजीचा तास ही त्या मुलीची एकमेव संधी असते. तो तास वाया गेला, तर तिच्यासाठी दुसरा तास कोठेही भरत नाही.

धोरण आणि वर्ग

पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीची ओळख पाचव्या इयत्तेत होत असे. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्यात आले. बालशिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून अमलात आला आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा निश्चित झाला. आजचा आठवीचा विद्यार्थी सात-आठ वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. तरीही पाठातील प्रश्नाचे उत्तर घडाघडा म्हणणारा मुलगा तोच प्रश्न शब्द बदलून विचारला की गप्प होतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

याचे कारण मुलांच्या बुद्धीत शोधू नये. शिक्षकाने वाक्य वाचायचे, त्याचा मराठी अर्थ सांगायचा, मुलांनी एका सुरात म्हणायचे आणि शेवटी फळ्यावरील उत्तरे उतरवून घ्यायची, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. या पद्धतीत मूल इंग्रजी ऐकते आणि उतरवते. स्वतः वाक्य तयार करण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. आणि भाषा तर स्वतः वाक्य तयार केल्यावाचून येत नाही.

कोरियाचे उदाहरण

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. दक्षिण कोरियात १९९७ सालापासून तिसरीपासून इंग्रजी शिकवले जाते आणि १९९५ पासून परदेशी इंग्रजी शिक्षक शाळांत नेमण्याची योजना तेथे राबवण्यात आली. तेथील माध्यमिक शाळेतला बारा ते पंधरा वर्षांचा विद्यार्थी ज्या ठिकाणी अडखळतो, ती ठिकाणे मराठी शिक्षकाला चांगलीच परिचयाची वाटतील. कोरियन भाषेतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तीतही मराठीप्रमाणे नामाला मागून प्रत्यय लागतात. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' यांच्यासारखी उपपदे कोरियनमध्ये नाहीत, तशी ती मराठीतही नाहीत. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढावयाचा 'फ' कोरियन मुलाला नवा असतो. आपल्या मुलालाही, ओठ मिटून 'फळ' म्हणण्याची सवय असल्याने, तो वेगळा शिकवावा लागतो.

यातून एक सूत्र हाती येते. मूल कोठे चुकणार, हे त्याची मातृभाषा बऱ्याच अंशी आधीच सांगून ठेवते. म्हणून मुलाची भाषा जाणणारा गावातील शिक्षक हा इंग्रजी शिकवण्याच्या कामी कमी दर्जाचा नव्हे. किंबहुना चूक होण्यापूर्वीच तिचा अंदाज बांधण्याची सोय त्यालाच अधिक असते.

चार पाठ

या सूत्रावर उभे राहिलेले, खर्च न लागणारे काही पाठ येथे मांडण्यासारखे आहेत.

पहिला पाठ वाक्यरचनेचा. 'सीता आंबा खाते' या वाक्यातील तीन शब्द तीन पुठ्ठ्यांवर लिहून तीन मुलांच्या हाती द्यावेत आणि त्यांना ओळीने उभे करावे. नंतर तेच वाक्य इंग्रजीत लिहिलेले पुठ्ठे द्यावेत : 'सीता', 'ईट्स', 'अ मँगो'. क्रियापदाचा पुठ्ठा धरलेल्या मुलाला शेवटची जागा सोडून मध्ये येऊन उभे राहावे लागते. मराठी, हिंदी, उर्दू, बंजारा, कोरकू या जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या भाषांत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याला खेटून उभे राहते. हा नियम दहा वेळा फळ्यावर लिहूनही जो ठसत नाही, तो एका मुलाने चार पावले चालल्याने ठसतो. पुढे नकारार्थी वाक्य, प्रश्नार्थक वाक्य अशी रांग बदलत न्यावी.

दुसरा पाठ उच्चाराचा. मराठीत एकच 'व' आहे, इंग्रजीत दोन. 'वेस्ट' म्हणजे बंडी आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, हे देवनागरीत सारखेच दिसतात. एकाला दात ओठावर टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. मुलांना जोडीने समोरासमोर बसवून एकाने शब्द उच्चारावा आणि दुसऱ्याने केवळ ओठ पाहून बंडी की पश्चिम ते खुणेने सांगावे. पन्नास मुलांच्या वर्गातही पाच मिनिटांत प्रत्येकाची जीभ हलते. हाच प्रकार 'शिप' आणि 'शीप', म्हणजे जहाज आणि मेंढी, यांच्यासाठी करता येतो.

तिसरा पाठ लोणारचा. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून ते उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेथे हा एक विषय सर्वांना पुरतो. पाचवीच्या मुलांनी 'लोणार इज अ लेक', 'इट इज राउंड' अशी लहान वाक्ये करावीत. सहावी-सातवीच्या मुलांनी भूतकाळ वापरून पाणी कसे बदलले ते सांगावे. आठवीच्या मुलांनी 'बिकॉज' घालून कारण लिहावे. विषय ओळखीचा असल्याने मुलांची सारी शक्ती भाषेकडे लागते. सिंदखेड राजा येथील राजवाडा, शेगावचे मंदिर, खामगावचा चांदीचा बाजार यांवरही असे पाठ रचता येतील.

चौथा पाठ शेताचा आहे आणि तो सर्वांत निकडीचा म्हणावा लागेल. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. सोबत इंग्रजीत 'पॉयझन', 'डेंजर', 'कॉशन' असे शब्द येतात. २०१७ साली विदर्भातीलच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरण्याजोगे नाही. रिकामा डबा मात्र शाळेत कधीही आणू नये. शिक्षकाने लेबलाची मोठी आकृती फळ्यावर काढावी, त्यातील शब्द वाचून घ्यावेत आणि मुलांकडून आज्ञार्थी वाक्ये तयार करून घ्यावीत : हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नका, जेवणापूर्वी हात धुवा. ही वाक्ये मुलांनी इंग्रजीत वाचावीत आणि संध्याकाळी घरी मराठीत समजावून सांगावीत. परीक्षेत याला गुण मिळोत वा न मिळोत, इंग्रजी शिकल्याचा उपयोग त्या घराला त्याच दिवशी कळेल.

मराठीचा आधार आणि मराठीपलीकडील मुले

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावी की नाही, हा वाद शिक्षकांत नेहमी होतो. त्याचे उत्तर मध्यममार्गी आहे. अर्थ सांगण्यास, सूचना स्पष्ट करण्यास मराठीचा आधार घेण्यात गैर काही नाही. मात्र सराव इंग्रजीतच झाला पाहिजे. सबंध तास अर्थ सांगण्यातच गेला, तर तो इंग्रजीचा तास न राहता भाषांतराचा तास होतो.

परंतु या जिल्ह्यात असेही वर्ग आहेत, की जेथे मराठी हीच मुलांची दुसरी भाषा आहे. मेहकर-लोणारकडील तांड्यांवर घरात बंजारा बोलली जाते. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकूबरोबरच निहाली भाषा बोलणारी कुटुंबे आहेत. निहालीचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरच्या अभ्यासकांना जिचे कुतूहल आहे, ती भाषा बोलणारे मूल मात्र शाळेत संकोचून मागच्या रांगेत बसते.

अशा मुलासाठी इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. म्हणजेच नवी भाषा आत्मसात करण्याचा अनुभव त्याला वर्गातील इतरांपेक्षा अधिक असतो. त्याच्या घरच्या भाषेतील पाच शब्द फळ्यावर एका रकान्यात, त्यांचे मराठी प्रतिशब्द दुसऱ्यात आणि इंग्रजी प्रतिशब्द तिसऱ्यात लिहिले, तर त्या दिवशी ते मूल वर्गाला शिकवते. पाणी, आग, झाड, आई, घर एवढ्या शब्दांनीही सुरुवात होऊ शकते. यासाठी शिक्षकाला ती भाषा येण्याची गरज नाही. विचारण्याची तयारी हवी.

देवघेव कशी व्हावी

चांगले पाठ जिल्ह्यात नाहीत असे नव्हे. ते एका वर्गात जन्मतात आणि शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर जातात, ही खरी उणीव आहे. १९९४ साली राज्यात केंद्रशाळांची व केंद्रप्रमुखांची व्यवस्था आली. केंद्राची शिक्षण परिषद ही पाठकल्पनांच्या देवघेवीची हक्काची जागा होय. २०१६ साली राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी काही जिल्ह्यांत 'तेजस' हा उपक्रम घेतला, त्याचाही गाभा हाच होता : शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसावे आणि एकमेकांपासून शिकावे.

मात्र परिषदेत परिपत्रके वाचून दाखवण्यातच वेळ गेला, तर पाठासाठी अवधी उरत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीत किमान अर्धा तास प्रत्यक्ष पाठासाठी राखून ठेवावा. पाठ तोंडी सांगू नये. जमलेल्या शिक्षकांना विद्यार्थी करून तो घेऊन दाखवावा. प्रत्येक पाठ एका कागदावर लिहावा : इयत्ता कोणती, मुलांना काय यावे, साहित्य काय लागले, किती वेळ गेला आणि मुले कोठे अडली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. फसलेला पाठ कोठे फसला हे मोकळेपणाने लिहिले, तर दुसऱ्या शाळेचा एक दिवस वाचतो. अधिकाऱ्यांनीही असा कागद तपासणीचे हत्यार म्हणून वापरू नये, नाही तर पुढच्या महिन्यापासून सर्व पाठ यशस्वीच लिहिले जातील.

हिशेब साधा आहे. केंद्रात दहा शाळा धरल्या आणि प्रत्येकीने महिन्याला एक पाजळलेला, वर्गात पारखलेला पाठ दिला, तर दहा महिन्यांच्या शालेय वर्षात शंभर पाठांचा संग्रह होतो. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या हाती याहून उपयुक्त वस्तू देता येणार नाही.

पंचायतींचे सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांनाही येथे करण्यासारखे काम आहे. ग्रामपंचायत, दवाखाना, विहीर, बसथांबा यांच्या पाट्यांवर मराठीखाली इंग्रजी नाव रंगवण्यास फारसा खर्च येत नाही. शाळेकडे जाणारा रस्ताच मुलांचे पुस्तक होतो. समितीच्या सभेत मुलांचा पट किती, गणवेश मिळाले का, हे प्रश्न विचारले जातातच. त्यांत एका प्रश्नाची भर घालावी : या महिन्यात आपल्या मुलांनी स्वतःची अशी किती इंग्रजी वाक्ये तयार केली? हा प्रश्न दर महिन्याला विचारला जाऊ लागला, की गावच्या शाळेत राहिलेल्या त्या मुलीचा तास वाया जाणार नाही, याची राखण सारा गाव करू लागेल.