चित्राखालचे चित्र

जुन्या चित्राखाली दुसरे चित्र दडले असेल, तर ते पाहावे कसे? वरचा रंग खरवडावा, तर एक चित्र मिळविताना दुसरे कायमचे गमवावे लागेल. १८९५ साली राँटगेन यांनी शोधलेल्या क्ष-किरणांमुळे या पेचातून वाट निघाली. शिसेयुक्त पांढरा रंग हे किरण अडवितो. हलक्या मूलद्रव्यांचे रंग त्यांना सहज जाऊ देतात. या भेदातूनच खालची आकृती छायेसारखी उमटते.

परंतु या छायाचित्रात वरखालचे थर एकमेकांत मिसळून जातात. व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये रंगविलेल्या गवताच्या चित्राखाली असेच एक अस्पष्ट मस्तक दिसत होते. २००८ साली हॅम्बुर्ग येथे त्या भागावरून क्ष-किरणांची अतिसूक्ष्म शलाका फिरविण्यात आली. असे किरण पडले, की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या विशिष्ट ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. हिंगुळातील पारा आणि पिवळ्या रंगातील अँटिमनी यांचे नकाशे जुळविताच एका शेतकरी स्त्रीचा चेहरा प्रकट झाला.

काटकसरीपोटी जुनाच कॅनव्हास वापरणाऱ्या चित्रकाराने जो चेहरा झाकला, तो विज्ञानाने गवताचे एक पातेही न दुखविता परत दिला.