आकाशातला फोटो आणि जमिनीवरचा बांध
(तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे, चोपडा-यावल असो की शिरपूर-साक्री, वनहक्काचा दावा नामंजूर झाला की पुष्कळांना एकच उत्तर मिळतं. 13 डिसेंबर 2005 च्या आधीची शेती सॅटेलाईटच्या फोटोत दिसत नाही म्हणे. म्हाताऱ्यांचे जबाब, बांध, दंडाच्या पावत्या, सगळं बाजूला. वर ऐकवतात, हे विज्ञान आहे, ते खोटं बोलत नाही.

तर हे विज्ञान जरा जवळून बघू. विज्ञान म्हणजे यंत्र नव्हे, साहेबाचा शिक्का तर नव्हेच. जे कुणालाही तपासता येतं आणि चुकलं तर बदलावं लागतं, ते विज्ञान. आपल्या बाया पेरणीआधी मूठभर बियाणं ओल्या फडक्यात बांधून उगवण बघतात. किती दाणे उगवले ते शेजारणीलाही मोजता येतं. तेही विज्ञानच आहे.

आता फोटो. देशातलं जंगल मोजायला जो फोटो वापरतात, त्यातला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठे. तेवढ्यात ज्वारी, बांधावरचा मोह, दोन साग, झोपडी, सगळ्यांचा मिळून एकच रंग! याहून बारीक दाखवणारे फोटोही असतात. मग आपल्या दाव्याला कोणता लावला? कोणत्या महिन्याचा? पावसाळ्यात ढग असतात, म्हणून स्वच्छ फोटो बहुतेक नंतरचे. तोवर कोरडवाहू पीक घरात आलेलं असतं आणि रान पडीक दिसतं. ज्यानं मोह राखून शेती केली त्याचं शेत वरून जंगलच वाटतं. म्हणजे झाडं तोडणाऱ्याचा पुरावा पक्का, आणि राखणारा अतिक्रमणदार!

दुसरी गंमत ऐका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशोबात एक हेक्टरच्या वर जमीन आणि दहा टक्क्यांच्या वर झाडोरा असला की ते वनाच्छादन, मालक कोणीही असो. खाजगी आमराईसुद्धा त्यात बसते. जंगल वाढलं असं सांगायला हे सोयीचं. उपग्रह काही खोटं बोलत नाही, पण जंगल कशाला म्हणायचं हे उपग्रह ठरवत नाही.

सत्ता विज्ञानाचं काय करते ते रशियात दिसलं. तिथे वाविलोव्ह नावाचा शास्त्रज्ञ जगभर फिरून बियाणं गोळा करायचा. त्याच्या विरोधात लायसेन्को उभा राहिला. त्याचे दावे दुसऱ्यांच्या तपासात टिकत नव्हते, पण पाठीवर स्टालिनचा हात होता. 1940 साली वाविलोव्हला अटक झाली, 1943 मध्ये तो तुरुंगातच मेला. 1948 नंतर लायसेन्कोच्या विरुद्ध शिकवायचीही सोय राहिली नाही. गहू मात्र हुकूम ऐकून उगवत नाही.

आपल्याकडे निदान कायदा हातात आहे. 2012 च्या सुधारित नियमांत साफ लिहिलंय की उपग्रहाचा फोटो पुराव्याला जोड म्हणून चालेल, पुराव्याच्या जागी नाही. शेजारच्या गुजरातेत फोटोवरून दावे फेटाळले, तेव्हा 2013 साली तिथल्या हायकोर्टानं ते पुन्हा तपासायला लावले. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, घर, बांध, सपाटीकरण हे सगळं नियम 13 मध्ये पुरावा म्हणून आहे.

तेव्हा नामंजुरीचं पत्र आलं की आधी तारीख बघा, अपिलाला साठ दिवस असतात. कारण लेखी मागा. कोणता फोटो, कोणत्या तारखेचा, कोणी वाचला, हे विचारा आणि नक्कल घ्या. मग वनहक्क समिती, म्हातारी माणसं आणि फॉरेस्टवाले, सगळे मिळून शेतावर जा. फोटो हातात धरा, बांधावर उभे राहा, पंचनामा तिथेच लिहा. सही करण्याआधी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लावा. दंडाच्या जुन्या पावत्या ज्यांच्या घरात असतील, त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन या, चुलीच्या धुरात ठेवू नका.