माळ्यावरच्या कॅसेटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला संगीतावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी गाऊन दाखवणार नाही, तेव्हा निश्चिंत बसा. फार लवकर गेलेल्या दोन कलावंतांबद्दल आणि त्यांच्या मागे राहिलेल्या टेपांबद्दल मी बोलणार आहे. शेवटी आपण आपल्याच घरातल्या माळ्यावर येऊ.

पहिले कलावंत पंडित द. वि. पलुस्कर, म्हणजे बापूराव. जन्म १९२१चा. वडील विष्णु दिगंबर पलुस्कर, गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक. ते वारले तेव्हा बापूराव अवघे दहा वर्षांचे होते. पुढे विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्यांना घडवलं. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, ते जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. १९५२च्या 'बैजू बावरा'तली देसी रागातली जुगलबंदी तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली असणार. त्यात तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, आणि बैजूचा बापूरावांचा. १९५५ साली ते सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूच्या आजाराने गेले. वय फक्त ३४.

आता हिशेब बघा. त्या काळच्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात ख्याल बसवायचा! बापूरावांचा गळा किती गोड होता हे तबकडीवरून कळतं. पण ते राग सावकाश कसा मांडत, हे कळायला लांब गाणं लागतं. ते आपल्याला मिळालं आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांतून आणि खाजगी बैठकींच्या टेपांतून. त्यातलं काही त्यांच्या पश्चात बाजारात आलं, काही रसिकांच्या हातोहातीच फिरत राहिलं. कुणीतरी टेप लावली आणि कुणीतरी ती सांभाळली, म्हणून आज ते ऐकता येतं.

दुसरा कलावंत सातासमुद्रापलीकडचा. क्लिफर्ड ब्राउन, अमेरिकेतला जॅझ वाजवणारा. वाद्य ट्रम्पेट. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये असतं तेच. पहिलं ध्वनिमुद्रण १९५२चं, आणि जून १९५६मध्ये रात्रीच्या प्रवासात मोटार अपघातात तो गेला. वय २५. म्हणजे स्टुडिओतली कारकीर्द चार वर्षांची. बापूरावांनंतर आठ महिन्यांतच हा गेला, म्हणून मला दोघं एकदम आठवतात.

त्याच्या एका टेपची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फिलाडेल्फियात वाद्यांच्या एका दुकानात त्याने वाजवलं, ते टेपवर घेतलेलं होतं. १९७३ साली त्याची रेकॉर्ड निघाली. हे वादन त्याच्या शेवटच्या रात्रीचं आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. लोक डोळ्यांत पाणी आणून ऐकायचे. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा ते वादन वर्षभर आधीचं, मे १९५५चं निघालं. वादन उत्तमच आहे, त्यात कमी काही झालं नाही. पण तारखेचा घोळ निस्तरायला वर्षं गेली. टेपच्या डबीवर त्याच दिवशी नीट तारीख लिहिलेली असती, तर एवढा खटाटोप करावा लागला नसता.

आता आपल्या माळ्यावर येऊ. आपल्या शहरात गाणं ऐकणारी घरं पुष्कळ. पंडित नाथराव नेरळकर २०२१ साली गेले. त्यांच्या बैठकी ऐकलेले लोक या सभागृहातही असतील. शिवाय आपली सोसायटी झाली तेव्हा कॅसेटचाच जमाना होता. कुणाच्या घरी बैठकीची कॅसेट असेल, कुणाकडे आजीच्या ओव्या असतील, कुणाकडे आपल्या पहिल्या गणपतीची आरती. त्या आरतीत जे मोठ्याने म्हणत होते, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज फक्त त्या फितीवर आहे. आणि ती फीत आहे माळ्यावर, मे महिन्याच्या उन्हात, चाळीसच्या वर पारा गेलेला असताना.

म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, कॅसेट आजच माळ्यावरून खाली, कपाटात आणा. दोन, तिच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडा. म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही टेप होणार नाही. तीन, बुरशी दिसली तर घरच्या टेपमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: कोण गातंय, कुठे, कधी, साथीला कोण, ते लिहा. तारीख आठवत नसेल तर "अंदाजे" असं स्पष्ट लिहा. उगाच शेवटची रात्र करू नका! आणि बैठक एखाद्या कलावंताची असेल तर त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती मोबाइलवरून गावभर पाठवू नका.

माझ्याकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा तो सोसायटीच्या ऑफिसात ठेवायला सेक्रेटरी साहेबांनी परवानगी दिली आहे. कॅसेट घेऊन या, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसालाही बरोबर आणा. फितीवरचा आवाज कुणाचा, हे तेच सांगू शकतील.