स्वरलिपी आणि छायाचित्र



छायाचित्रकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नमंडपात धावपळ करणारा गृहस्थ उभा राहतो. त्याच्याजवळ जीवनाविषयी सांगण्यासारखे काही असेल, अशी अपेक्षा आपण सहसा करीत नाही. ज्या छायाचित्रकाराच्या चिंतनाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, तो मुळात पियानोवादक होता; आणि आयुष्याची पहिली अठ्ठावीस वर्षे कॅमेरा हा त्याचा छंद व पियानो हे त्याचे ध्येय होते. त्याचे नाव ॲन्सेल ॲडम्स.

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९०६ च्या भीषण भूकंपात, मुख्य धक्क्यानंतरच्या एका धक्क्याने चार वर्षांचे हे बालक बागेतील भिंतीवर आदळले आणि त्याचे नाक मोडले. ते अखेरपर्यंत वाकडेच राहिले. घरचा व्यवसाय इमारती लाकडाचा होता. १९०७ च्या आर्थिक अरिष्टानंतर तो कोसळला आणि वडिलांना उर्वरित आयुष्य नोकरी करून काढावे लागले. मुलाचे मन शाळेत रमेना. बारा वर्षांचा असताना तो आपला आपणच पियानो वाजवू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला शाळेतून काढले व घरी शिक्षण सुरू केले. पुढे १९१५ साली शहरात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी मुलाला वर्षभराचा प्रवेश-परवाना काढून दिला व रोज तेथे जाणे हाच त्याचा अभ्यासक्रम ठरविला. व्यापारात बुडालेल्या मनुष्याने मुलाला ‘लवकर चार पैसे मिळव’ असे सांगितले असते, तर त्यात अस्वाभाविक काहीच नव्हते. या पित्याने तसे केले नाही. ॲडम्स यांच्या चरित्रातील ही बाजू प्रत्येक पालकाने लक्षात घ्यावी अशी आहे.

पियानोच्या पहिल्या शिक्षिका मेरी बटलर अत्यंत काटेकोर होत्या. प्रत्येक स्वर स्वच्छ, आपल्या जागी व आपल्या वजनाने उमटलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. बाखसारख्या रचनाकाराच्या कृती शिकताना स्वैर मनाच्या या मुलाला ही शिस्त लागली. पुढे छायाचित्रणात तीच आपल्या उपयोगी पडली, असे ॲडम्स आवर्जून सांगत. प्रतिभा ही लहर आहे आणि नियम तिला मारक असतात, असा समज कलाक्षेत्रात फार लोकप्रिय आहे. ॲडम्स यांचा अनुभव याच्या नेमका उलट होता.

१९१६ साली आईवडिलांबरोबर ते योसेमिटी खोऱ्यात गेले. तेथे हाती आलेल्या कोडॅकच्या साध्या पेटी-कॅमेऱ्याने त्यांनी पहिली छायाचित्रे टिपली. त्यानंतर जन्मभर ते दरवर्षी तेथे जात राहिले. खोऱ्यात सरावासाठी पियानो मिळेना. हॅरी बेस्ट या चित्रकाराच्या घरी एक पियानो होता, म्हणून तेथे जाणे सुरू झाले. आणि पियानोच्या निमित्ताने आलेल्या या तरुणाचा १९२८ साली बेस्ट यांची कन्या व्हर्जिनिया हिच्याशी विवाह झाला.

त्याआधीचा एक प्रसंग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १० एप्रिल १९२७ रोजी व्हर्जिनिया व काही मित्र यांच्यासह ॲडम्स जड कॅमेरा व बारा काचपट्ट्या पाठीवर घेऊन ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्यासमोरच्या कपारीवर चढले. कड्याजवळ पोहोचेपर्यंत दोनच पट्ट्या शिल्लक होत्या. पहिली पट्टी त्यांनी पिवळी काच लावून वापरली, आणि तत्क्षणी त्यांच्या ध्यानात आले की चित्र अचूक येईल, परंतु त्या कड्यासमोर उभे असताना मनाला जे जाणवले ते त्यात नसेल. मग त्यांनी गडद लाल काच बसवून शेवटची पट्टी वापरली. निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यावर उजळून उठला. चित्र आधी मनात पूर्ण पाहावयाचे व मग यंत्राला त्या दिशेने वळवावयाचे, या प्रक्रियेला ॲडम्स यांनी पूर्वदर्शन अशा अर्थाचे नाव दिले. गवयाच्या मनात स्वर आधी उमटतो आणि मग कंठातून येतो, तसेच हे.

तरीही निर्णय होत नव्हता. १९२५ मध्ये मोठा पियानो विकत घेतलेला, शिकवण्याही चालू. १९३० साली न्यू मेक्सिकोतील ताओस येथे पॉल स्ट्रँड या ज्येष्ठ छायाचित्रकाराची भेट झाली. स्ट्रँड यांच्याजवळ त्या वेळी छापलेली चित्रे नव्हती. त्यांनी केवळ निगेटिव्ह प्रकाशासमोर धरून पाहावयास दिल्या. तेवढ्यावरून ॲडम्स यांचा निश्चय झाला. घरी आई व मावशी व्यथित झाल्या. कॅमेऱ्याला मानवी आत्म्याचा उद्गार प्रकट करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कॅमेऱ्याला कदाचित येणार नाही, पण तो हाताळणाऱ्याला येईल, अशा आशयाचे उत्तर ॲडम्स यांनी दिले.

संगीत सुटले का? श्रोतेहो, ते छायाचित्रणात शिरले. निगेटिव्ह म्हणजे रचनाकाराची स्वरलिपी आणि कागदावरचे चित्र म्हणजे तिचे वादन, ही ॲडम्स यांची उपमा सुप्रसिद्ध आहे. आपल्याकडे बंदीश एकच असते, पण आज गायिलेली आणि वीस वर्षांनी गायिलेली सारखी नसते, हे आपण जाणतोच. फ्रेड आर्चर यांच्या सहकार्याने १९४० च्या सुमारास त्यांनी जी पद्धत बसविली, तीत गडद काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या आहेत. कोणती छटा कोणत्या पायरीवर यावी हे छायाचित्रकाराने आधी ठरवावयाचे. सप्तकाशी असलेले तिचे नाते उघड आहे.

या उपमेचा खरा पुरावा म्हणजे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावचा चंद्रोदय. १९४१ च्या शरद ऋतूत मावळतीच्या वेळी मोटारीतून जाताना गाव, स्मशानातील उजळलेले क्रूस आणि वर आलेला चंद्र असे दृश्य दिसले. ॲडम्स यांनी मोटार थांबविली. सामानात प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटास २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होते. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक चित्र घेतले. दुसऱ्यासाठी पट्टी उलटवीपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. तारखेची नोंद ठेवण्याची सवय त्यांना नव्हती. अखेर खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या स्थानावरून ती १ नोव्हेंबर १९४१ अशी काढली!

या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यात हजाराहून अधिक प्रती स्वहस्ते छापल्या. आरंभीच्या प्रतींत आकाश फिकट असून ढगांचे पट्टे दिसतात; १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रासायनिक प्रक्रियेने अधिक ठळक केला, आणि उत्तरोत्तर आकाश काळेभोर होत गेले. त्यातील कोणती प्रत ‘खरी’, असे विचारणे व्यर्थ आहे. बाजाराने मात्र आपला निवाडा दिला. १९४८ मधील एक प्रत २००६ साली न्यूयॉर्क येथील लिलावात सहा लाख नऊ हजार सहाशे डॉलरला गेली. स्वतः ॲडम्स यांना दीर्घकाळ जाहिरातींची व कंपन्यांची कामे घेऊनच प्रपंच चालवावा लागला होता. त्याबद्दल त्यांनी कधी लाज बाळगली नाही, हे विशेष.

जग कोसळत असताना हा मनुष्य दगड-डोंगरांची चित्रे काढतो, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. त्यांनी १९३६ मध्ये हीच डोंगरांची चित्रे घेऊन वॉशिंग्टन गाठले व लोकप्रतिनिधींना दाखविली. १९४० साली किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९४३ मध्ये युद्धकाळात मॅन्झनार येथील छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांची चित्रे त्यांनी घेतली. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा, ऐन युद्धात, ते अनेकांना रुचले नाही.

उतारवयात सांध्यांच्या विकाराने बोटे आखडली व पियानो मागे पडला. प्रकाशबंद खोलीतील छपाई मात्र चालू राहिली. १९७५ अखेर त्यांनी नव्या मागण्या घेणे बंद केले, तेव्हा तोवर आलेल्या मागण्या पुऱ्या करण्यातच पुढची काही वर्षे गेली. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निगेटिव्हचा संग्रह ॲरिझोना विद्यापीठातील छायाचित्रण केंद्रात जतन केलेला असून हर्नांडेझची ती निगेटिव्हही तेथेच आहे.