जिभेवाचून जेवण

माणूस जेवतो तेव्हा त्याच्या अन्नाची तपासणी पोटात जाण्यापूर्वीच झालेली असते. नासलेले दूध नाक ओळखते, खवट तेल जीभ ओळखते, आणि एखादा पदार्थ मागे केव्हा बाधलेला असला तर त्याची आठवण हाताला ताटातच अडवते. चेन्नईतल्या एखाद्या घरी पाहुण्याने पुढे आलेली पायसमची वाटी हळूच बाजूला सरकवली, तर त्याला कोणी कारण विचारीत नाही. हे ‘नको’ म्हणणे इतके सहज असते की त्याचे मोल कधी कळत नाही. नाकातून घातलेल्या नळीने ज्याला अन्न द्यावे लागते, त्याची चव गेली हे सर्वांच्या ध्यानी येते. त्याचा नकार गेला, हे मात्र फार थोड्यांना जाणवते.

ही नळी तशी फार जुनी नव्हे. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रोग्याला इंग्लंडमधील शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७९० च्या सुमारास ईल माशाच्या कातडीच्या नळीने अन्न पोहोचविले होते. आजही आपल्या रुग्णालयांत जिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात, तिला लंडनच्या जॉन राइल यांचे नाव मिळाले. १९२१ मध्ये त्यांनी ती वर्णिली, ती जठरातील रस तपासणीसाठी बाहेर काढण्याकरिता. काढण्यासाठी केलेल्या वाटेने पुढे अन्न आत जाऊ लागले, हा एक योगच म्हणावयाचा.

चेन्नईत ही नळी अनेक घरांच्या ओळखीची आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ साली अड्यारला अवघ्या बारा खाटांची कर्करोग संस्था उभी राहिली. १९५५ मध्ये तेथे रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्या संस्थेशी एकरूप होऊन राहिल्या. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग हा तंबाखू चघळणाऱ्या आपल्या देशाचा जुना शत्रू. त्यावर शस्त्रक्रिया झाली किंवा किरणोपचारांनी घसा सोलवटून निघाला की काही आठवडे, कधी काही महिने, नळीवाचून गत्यंतर नसते. पक्षाघाताने गिळणे गेलेले रोगी निराळेच. उपचारासाठी या शहरात परप्रांतांतून माणसे येतात, आणि प्रत्येक जण आपल्या घरच्या अन्नाची सवय पोटात घेऊन येतो.

आयुर्वेदाने यासाठी एक फार नेमका शब्द घडविला आहे : सात्म्य. जे शरीराला मानवते ते सात्म्य, न मानवणारे असात्म्य. आणि केवळ सतत सेवनाने जे अंगवळणी पडले त्याला ‘ओकसात्म्य’ असे वेगळे नाव आहे. नळीच्या अन्नाचा सारा पेच या शब्दांत सापडतो. घरी तयार करावयाच्या नळीच्या अन्नात आपल्याकडे बहुधा दूध मुख्य असते, कारण ते पातळ, पौष्टिक आणि सहज मिळणारे. त्यात साखर, थोडे तेल आणि एखादे पीठ मिसळले की काम झाले असे वाटते. परंतु दुधातील शर्करा पचविणारा लॅक्टेज हा पाचकरस बालपण सरल्यावर पुष्कळांच्या आतड्यांत उणावतो. भारताच्या वायव्येकडून दक्षिणेकडे यावे तसे तो मोठेपणीही टिकवून धरणाऱ्यांचे प्रमाण घटत जाते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, पुढे मोठ्या आतड्यातील जंतू तिला आंबवितात, आणि पोट फुगणे, कळा, जुलाब हे ओघानेच येते.

येथे घरची माणसे गोंधळून जातात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे सकाळ-संध्याकाळ फिल्टर कॉफी घेतली, ज्याचे जेवण दहीभाताशिवाय संपले नाही, त्याला दूध बाधते हे कोणी कसे मानावे? उत्तर मापात आहे. एक पेलाभर दुधात सुमारे बारा ग्रॅम शर्करा असते, आणि तेवढी एका वेळी, इतर अन्नासोबत, लॅक्टेज कमी असणाऱ्यांपैकीही बहुतेकांना सोसते. कॉफीत दूध त्याहून कमी. दह्यातील शर्करेचा काही भाग जंतूंनी आधीच खाल्लेला असतो, आणि उरलेली पचविण्यास तेच जंतू पोटात हातभार लावतात. नळी लागली की तोच माणूस दर दोन-तीन तासांनी दुधाचे दोनशे-अडीचशे मिलिलिटर मिश्रण, तेही पिचकारीने, घेऊ लागतो. जन्मभर न दिसलेली उणीव चार दिवसांत उघडी पडते. जीभ असती तर तिने तिसऱ्याच पेल्याला तोंड फिरविले असते.

न मानवणे आणि वावडे यांतला भेद मात्र सक्तीने पाळला पाहिजे. दुधातील शर्करा न पचणे त्रासदायक असते. दुधातील प्रथिनांचे वावडे अंगावर गांधी उठवू शकते, श्वास कोंडू शकते, क्वचित प्राणावर बेतू शकते. बाजारात मिळणाऱ्या नळीच्या अन्नाच्या भुकट्यांपैकी बहुतेकींत लॅक्टोज नसते, पण प्रथिने पुष्कळदा दुधाचीच असतात. म्हणून डब्यावरील ‘लॅक्टोजविरहित’ हा शब्द वावडे असणाऱ्याला काहीच अभय देत नाही. गव्हातील ग्लूटेनने ज्याचे आतडे झिजते, त्याने माल्टच्या नावाने येणारी भुकटीही तपासून घ्यावी, कारण माल्ट बहुधा जवाचा असतो आणि जवही त्याला वर्ज्यच. वेष्टित खाद्यपदार्थांवर दूध, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे, ग्लूटेनयुक्त धान्ये इत्यादींचा उल्लेख करण्याचा दंडक २०२० च्या नियमांत आहे. अक्षरे बारीक असतात, एवढीच त्या दंडकाविषयी तक्रार.

तथापि जुलाब झाले म्हणजे अन्नच दोषी, हा निवाडा घाईचा ठरतो. आरोपी अनेक असतात. मिश्रण फार वेगाने ढकलले गेले असेल. प्रतिजैविक औषधांनी आतड्यातील जंतूंची घडी विस्कटली असेल. चेन्नईच्या उकाड्यात सकाळी ढवळून ठेवलेले अन्न दुपारी देणे म्हणजे जंतूंना आमंत्रणच. ताजे केलेले मिश्रण बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. आणि एक आरोपी तर औषधाच्या बाटलीत लपलेला असतो. नळीतून गोळ्या जात नाहीत म्हणून पातळ औषधे दिली जातात, आणि त्यांपैकी कित्येकांना गोडी असते ती सॉर्बिटॉलची. हा पदार्थ पुरेशा मात्रेत चक्क रेचक आहे. दिवसाकाठी अशी तीन-चार औषधे जात असतील, तर बिचाऱ्या नाचणीला बोल लावून काय उपयोग?

चुकीच्या निवाड्याची शिक्षा रोग्याला होते. जुलाबाच्या भीतीने घरचे लोक अन्न अर्ध्यावर आणतात, पाणी घालून पातळ करतात, एकेक वेळ चुकवितात. पोट शांत होते, आणि माणूस झिजू लागतो. जखम भरत नाही, किरणोपचार सोसत नाहीत. नळी नाकात असूनही उपासमार घडते, आणि ती दिसत नाही, कारण ज्याला भूक लागली तो बोलू शकत नाही. दफ्तरातल्या चौकशीत असते तशीच शिस्त येथे हवी : एका वेळी एकच बदल करावा, दोन-तीन दिवस पाहावे, लिहून ठेवावे, आणि आहारतज्ज्ञाला ते टिपण दाखवावे. अन्न कमी करण्याआधी ते बदलावे.

बदलण्याजोगे दक्षिणेत पुष्कळ आहे. तांदळाची कंजी आहे, मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण आहे, चालत असेल त्याला ताक आहे. सर्वांत गुणी ती नाचणी, तमिळमधील केळ्वरगू. तिच्यात ग्लूटेन नाही, दूध नाही. अडचण एवढीच की शिजवली की ती घट्ट होते, आणि सोळा क्रमांकाची नळी बाहेरून जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची. पातळ करावी तर पोषण पातळ होते. यावरचा तोडगा आपल्या आजीबाईंना शास्त्र न शिकता ठाऊक होता. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, हलकी भाजून दळली की मोडात तयार झालेला पाचकरस त्या पिठात राहतो. असे चमचाभर पीठ किंचित निवलेल्या घट्ट कंजीत ढवळले, की थोड्याच वेळात ती पाण्यासारखी वाहू लागते. पोषण तेवढेच राहते. मग एक उकळी द्यावी, वस्त्रगाळ करावे, कोमट होऊ द्यावे. रोग्याचे डोके उशीने उंच करावे, पिचकारी धरून अन्न स्वतःच्या भारानेच उतरू द्यावे, आणि आधी व नंतर थोडे पाणी सोडून नळी धुवावी. ज्यांची नळी पोटाच्या भिंतीतून थेट लहान आतड्यात बसविलेली असते, त्यांना मात्र पिचकारी चालत नाही. जठराची पिशवी वाटेत नसल्याने तेथे अन्न थेंबाथेंबानेच जावे लागते.

हे सारे करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते : पत्नी, मुलगी, सून, क्वचित मुलगा. तिला रोग्याची जीभ व्हावे लागते. त्याचे पोट चढले की नाही हे हाताने पाहावे लागते, कपाळाची आठी वाचावी लागते. लिहिता येत असेल त्याच्याजवळ पाटी ठेवावी, आणि पिचकारी भरण्यापूर्वी आत काय आहे हे त्याला सांगावे. पुष्कळ घरांत हे सांगणे अनावश्यक वाटते. ज्याच्या तोंडचे ‘नको’ गेले आहे, त्याला निदान हाताने नको म्हणण्याची संधी मिळाली पाहिजे.

गिळण्याची शक्ती परत येऊ लागली की पहिल्या घासाचा दिवस उगवतो. त्या दिवशी घरच्यांच्या हातात हटकून पाण्याचा पेला असतो, आणि वाग्दोषतज्ज्ञ बहुधा तो बाजूला ठेवायला लावतात. पाणी चपळ असते. दुबळ्या घशाला चुकवून ते श्वासनलिकेत शिरते. दाट पदार्थ सावकाश उतरतो. तेव्हा चमच्याच्या टोकावर घोटलेले दही किंवा नाचणीची दाट पेज घेऊन कोणी तरी समोर बसते, आणि तो माणूस आधी तिचा वास घेतो.