राजवाड्याभोवती पायी चालताना



राजवाडा, गोपाळ मंदिर, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सारे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तरी आपण गाडी काढतो, कारण चालायला जागा नाही. पदपथावर दुकानांचा माल, त्यापुढे उभ्या दुचाक्या. घरची वडीलधारी माणसे मग इकडे येणेच सोडतात.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला. त्याच सुमारास, प्लेगच्या दिवसांत, त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची युक्ती काढली : जे रहिवासी आपला रस्ता स्वच्छ करतील, त्यांच्याच दारावरून मिरवणूक जाईल. लोक आपणहून कामाला लागले.

आम्ही सरकारी नोकर. नियम आम्हांला ठाऊक आहेत. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उंच पायरी गुडघ्यांना झेपत नाही, माणूस रस्त्यावर उतरतो. पण बांधलेला पदपथ मोकळा ठेवणे आपल्याच हाती आहे.

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या पाहायला सारे शहर इथे पायी येते. एरवीही गाडी दूर लावू, जवळच्या कामाला सायकल काढू आणि पदपथांसाठी मंडळातर्फे महापालिकेला निवेदन देऊ. स्वच्छतेत इंदूरने करून दाखवले, इथेही दाखवू.

गणपती बाप्पा मोरया!